चिनी मातीच्या बाटलीतली जुनी व्हिस्की: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लष्करातून निवृत्त झालेल्या आजोबांची नाहीतर आखातातून परतलेल्या काकांची चिनी मातीची देखणी बाटली करमाळ्यातल्या एखाद्या घराच्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षं सीलबंद असते. लग्नकार्याला पाहुणे जमले की ती फोडायचा विषय निघतो. बूच काढण्याआधी एवढं वाचाच.

गैरसमज : जितकी जुनी बाटली, तितकी मुरलेली व्हिस्की.
वस्तुस्थिती : लोणचं बरणीत मुरतं, व्हिस्की लाकडी पिंपात. बाटलीत भरली की तिचं मुरणं थांबतं. १२ वर्षांची व्हिस्की ३० वर्षं कपाटात राहिली, तरी ती १२ वर्षांचीच.

गैरसमज : सील शाबूत, म्हणजे आतला मालही शाबूत.
वस्तुस्थिती : बूच सुकतं आणि मद्यार्क हळूहळू उडून जातो. आतलं ग्लेझ (चकचकीत लेप) सदोष असेल, तर मातीतूनही पाझर होतो. बाटली अपारदर्शक, त्यामुळे पातळी दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचं वजन करून तळाशी चिठ्ठी लावा. पुढच्या वर्षी वजन घटलं, तर गळती आहे असं समजा.

गैरसमज : दारूत सगळं मरतं, मग कसली भीती?
वस्तुस्थिती : जंतू मरतात, शिसं नाही. जुन्या ग्लेझमध्ये आणि रंगांत शिसं वापरलं जाई. व्हिस्की किंचित आम्लधर्मी असते. ग्लेझच्या दीर्घकाळ संपर्कात राहिली की त्यातलं शिसं तिच्यात उतरू शकतं. अमेरिकेतल्या ग्रॅझियानो आणि ब्लम या संशोधकांनी १९९१ मध्ये शिसंयुक्त क्रिस्टल काचेच्या सुरयांत पोर्ट वाइन ठेवून पाहिली. लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅम असलेलं शिसं चार महिन्यांत २,००० ते ५,००० च्या घरात गेलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा १० आहे. तिथलं भांडं काचेचं होतं, पण शिसं असलेल्या भांड्यात मद्य साठवण्याचा धोका त्यातून कळतो.

गैरसमज : चव चांगली लागली किंवा गाळून घेतली, की झालं.
वस्तुस्थिती : विरघळलेल्या शिशाचा रंग-वास कळत नाही, चवीवरूनही ओळखता येत नाही. गाळून बुचाचा भुगा निघतो, शिसं नाही. दुसऱ्या बाटलीत ओतल्यानंही आधीच उतरलेलं शिसं कमी होत नाही. खात्री हवी, तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या.

गैरसमज : चिनी मातीची प्रत्येक बाटली विषारीच.
वस्तुस्थिती : तसंही नाही. रॉयल सॅल्यूट ही स्कॉच १९५३ पासून पोर्सिलीनच्या बाटलीत विकली जाते. शिसंविरहित ग्लेझची बाटली सुरक्षित असते. मात्र कोणती बाटली कशी आहे, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

सीलबंद बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली, तर कडक मद्यानं बूच खराब होतं. करमाळ्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत ती नको. माळवदाच्या घरातली अंधारी, गार जागा बरी.

रिकामी झालेली जुनी बाटली शोभेलाच ठेवा. तिच्यात सरबत, तेल, लोणचं काहीही भरू नका. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सर्वाधिक फटका लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला बसतो. आजोबांची आठवण म्हणून बाटली जरूर जपा. आतली व्हिस्की मात्र तपासल्याशिवाय कुणाच्याही पेल्यात ओतू नका.