टॅपेट कव्हर घरीच रंगवायचंय? रंगाच्या डब्याआधी गॅस्केट आणा

पांढुर्णा/सौंसर : पोळा झाला, जाम नदीवरची गोटमार झाली की साधारण चाळीस दिवसांवर दसरा येतो. दसऱ्याला गाडीची पूजा, म्हणून धुणं-पुसणं आधीच सुरू होतं. बोनेट उघडलं की सगळ्यात आधी नजर जाते ती इंजिनाच्या डोक्यावरच्या काळपट, रंग उडालेल्या झाकणावर. पुस्तकात याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री टॅपेट कव्हर किंवा हेड कव्हर म्हणतात. स्प्रेचा डबा आणून हे घरी रंगवता येतं. पण काम बिघडतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, तर साफसफाई आणि गॅस्केटमुळे.

हे झाकण करतं काय?

याच्या खाली कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह फिरत-हलत असतात आणि त्यांच्यावर सतत ऑइल उडत असतं. ते ऑइल आत ठेवणं आणि बाहेरची धूळ आत जाऊ न देणं, हे झाकणाचं काम. कडेला बसणारं रबरी गॅस्केट (काही जण पॅकिंग म्हणतात) जुनं झालं की कडक होतं. एकदा झाकण उघडलं की तेच पुन्हा लावल्यास ऑइल झिरपायची भीती असते. हे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर होतो, आग लागण्याचाही धोका असतो. म्हणून आधी आपल्या मॉडेलचं नवं गॅस्केट हातात घ्या, मगच पाना लावा.

कोणत्या गाडीला हात लावू नये?

कॉमन रेल डिझेल गाड्यांत इंजेक्टर आणि त्यांच्या नळ्या बहुधा या झाकणाजवळच असतात. त्या नळ्यांत डिझेलचा दाब 1000 बारच्याही वर जातो. चालू इंजिनात ती धार कातडी फोडून आत शिरू शकते, आणि नळी सोडल्यावर बारीक कचरा गेला तर इंजेक्टर खराब होतो. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

पेट्रोल गाडी असेल तर झाकणाला चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडी पत्रा. नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक. प्लास्टिकचं असेल तर नुसतं पुसून घ्या, थिनर लावू नका.

काम असं करा

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने आणि हवेने उडवा, नाहीतर तीच आत पडेल. वायरी आणि पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

2. झाकण काढल्यावर उघडं इंजिन लगेच स्वच्छ फडक्याने आणि पन्नीने झाका. फडकं धागे सुटणारं नको.

3. झाकण डिग्रीझरने किंवा भांड्याच्या साबणाने आतून-बाहेरून धुवा. अ‍ॅल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा कधीच नको. तो धातू खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. घरात पेट्रोलने धुणं तर नकोच.

4. सुटलेला रंग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, मग 320 ने गुळगुळीत करा. पुन्हा धुवा, वाळवा, थिनरच्या फडक्याने पुसा. त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणाही रंग धरू देत नाही.

5. आतली बाजू, गॅस्केटची खाच आणि बोल्टची भोकं मास्किंग टेपने बंद करा. आत गेलेला रंग पुढे पापुद्रे होऊन सुटतो आणि ऑइलच्या जाळीत अडकतो.

6. अ‍ॅल्युमिनियमवर एच प्रायमर, पत्र्यावर गंजरोधक प्रायमर. त्यावर उष्णता सोसणाऱ्या इंजिन पेंटचे दोन-तीन पातळ हात. दोन हातांत डब्यावर लिहिलंय तेवढं अंतर ठेवा. रंग उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून, चूल-गॅसपासून लांब मारा.

पावसाळी दमट दिवशी रंग पांढरट पडतो. झड संपून कोरडं ऊन पडलं की काम घ्या. वाळवायला स्वयंपाकाचं ओव्हन वापरू नका, 24 तास सावलीत ठेवा.

परत बसवताना

नवं गॅस्केट खाचेत नीट बसवा. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल त्याच कोपऱ्यांवर थेंबभर सिलिकॉन लावा, जास्त नको. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडेथोडे करून आवळा. हे बोल्ट बारीक असतात, जोर लावला की आटे जातात किंवा झाकण वाकतं. किती आवळायचं तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

मग पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा, कडेने टॉर्च मारून बघा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा बघा. थेंब दिसला किंवा जळक्या ऑइलचा वास आला, तर नागपूरकडे गाडी काढण्याआधी मिस्त्रीला दाखवा.

रंगाने इंजिनाची ताकद वाढत नाही, एव्हरेजही नाही. पण पत्रा गंजत नाही, आणि स्वच्छ झाकणावर ऑइलची गळती लगेच दिसते. खरा फायदा तोच.