पंधरा अजिंक्यपदे आणि राखीव बाक

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या कबड्डी संघाने जानेवारीतले सामने जिंकले. हलगी वाजली, गुलाल उधळला, आणि खांद्यावर मिरवला गेला तो एकच गडी : आमचा चढाईपटू. पुढच्या वर्षी दिवाळी होताच तो आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला आणि आम्ही पहिल्याच फेरीत गारद झालो. सारे गाव म्हणाले, "तो असता तर!" मी त्याच संघात होतो, मीही तेच म्हणत होतो. मात्र एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून बसला. मोठा खेळाडू संघाला अजिंक्य करतो, की संघाचे बळ आणखी कशात असते?

उत्तर शोधताना प्रथम आठवतो तो मुंबईचा क्रिकेट संघ. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला. उम्रीगर, नाडकर्णी, रमाकांत देसाई, सरदेसाई, वाडेकर, गावसकर ही नावे उच्चारली की वाटते, एवढे मोहरे असल्यावर दुसरे काय होणार? तथापि याच पंधरा वर्षांतले एक वर्ष या समजुतीला छेद देते.

१९७१ च्या प्रारंभी भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार वाडेकर मुंबईचे. गावसकर, सरदेसाई, सोलकर आणि अशोक मांकड हेही मुंबईचेच. त्या मालिकेत गावसकरांनी चार कसोटींत ७७४ आणि सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या आणि भारताने मालिका जिंकली. इकडे उरलेल्या मुंबई संघाचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे आले. पाच कसोटीवीर सातासमुद्रापार असताना या संघाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राच्या संघाला हरवून करंडक राखला! पंधरा विजयांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच.

हे बळ आले कुठून? शाळकरी मुलांसाठी गाइल्स आणि हॅरिस शील्डचे सामने होते. पुढे क्लब होते. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग तर ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाई. तिथे चेंडू कधी उसळेल आणि कधी खाली राहील याचा नेम नसे. टिकून राहायचे तर तंत्र पक्के हवे. शिवाय टाइम्स शील्डसाठी कार्यालयांचे संघ झुंजत. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे, त्यामुळे पोटासाठी खेळ सोडण्याची पाळी येत नसे. एक गेला तर दुसरा तयार असे, आणि आपल्या मागे कोणी उभा आहे हे ठाऊक असल्याने पहिलाही गाफील राहत नसे.

पद्माकर शिवलकरांचेच उदाहरण घ्या. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासच्या फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर त्यांनी तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला कसोटी खेळण्याची संधी एकदाही मिळाली नाही. मुंबईच्या विजयांचा पाया अशा माणसांनी भरला होता.

सातासमुद्रापलीकडच्या बेसबॉलमध्येही हेच दिसते. अमेरिकेतील न्यू यॉर्क यांकीज संघाने १९४९ ते १९५३ अशी सलग पाच विश्वविजेतेपदे मिळवली. त्यांचा महान फलंदाज ज्यो डिमॅजिओ १९५१ च्या हंगामानंतर निवृत्त झाला. पुढची दोन विजेतेपदे त्याच्याविना आली, कारण मिकी मँटल हा तरुण त्याची जागा घ्यायला आधीच संघात दाखल झाला होता. उलट बोस्टनचा टेड विल्यम्स हा फलंदाज म्हणून कोणापेक्षा कमी नव्हता, पण विश्वविजेतेपद त्याच्या नशिबी कधीच आले नाही.

याचा अर्थ तारे निरुपयोगी असा नव्हे. मुंबईची मालिका १९७४ मध्ये उपांत्य सामन्यात कर्नाटकाने खंडित केली, तेव्हा त्या संघात विश्वनाथ, प्रसन्ना आणि चंद्रशेखर होते. तारा एखादा सामना जिंकून देतो, हे खरेच. पण वर्षामागून वर्षे जिंकायचे तर मागची फळी लागते. पुढच्याच वर्षी, १९७४-७५ मध्ये, मुंबईने करंडक परत आणला, तो याच फळीच्या जोरावर.

कोणी म्हणेल, मुंबईची मैदाने कुठे आणि आपले वडवणी कुठे! बरोबर आहे. पण गुणांची वाण आपल्याकडेही नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिंपिकपर्यंत धावलेला अविनाश साबळे आपल्याच जिल्ह्यातील मांडव्याचा. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले. उणीव आहे ती मागच्या फळीची. मुंबईचे खेळाडू दौऱ्यावर जात. आमचे ऊसतोडीला जातात, पुण्याला कामाला जातात. जाणाऱ्याला दोष कसा द्यावा? त्याच्या घरची चूल त्यावर पेटते. म्हणूनच राखीव बाकाची गरज मुंबईपेक्षा आम्हांला अधिक आहे.

मागे वळून पाहता आमची चूक स्पष्ट दिसते. त्या विजयाच्या वर्षी आमचे राखीव खेळाडू पाण्याची घागर सांभाळत बसले. त्यांना आम्ही एकदाही चढाईला पाठवले नाही. यंदा आम्ही सरावाची रीत बदलली आहे. संध्याकाळी आठवी-नववीची पोरे आमच्यात खेळतात, आणि ज्याला पकड येते त्याने ती आणखी दोघांना शिकवायची असा दंडक आहे. परवा एका नववीतल्या पोराने माझा घोटा असा धरला की मला मध्यरेषा गाठताच आली नाही. सगळे हसले. मी मात्र त्या पोराचे नाव संघाच्या वहीत लिहून घेतले.