सात खुर्च्यांचा हिशेब

अंधेरीचे मुन्शीनगर आणि वांद्र्याचे खेरनगर ही दोन नावे उपनगरांतल्या लोकांच्या रोजच्या तोंडी आहेत. कन्हैयालाल मुन्शी आणि बाळ गंगाधर खेर एकाच मंत्रिमंडळात होते, हे मात्र सहसा कुणाला आठवत नाही. मुंबई प्रांताचे ते पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ. १९ जुलै १९३७ रोजी त्याने सूत्रे हाती घेतली. त्याआधी साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांचे औटघटकेचे सरकार येऊन गेले होते.

आयर्लंडमध्ये १९३२ साली सत्तेवर आलेल्या डी व्हॅलेरांनी कालच्या बंडखोरांना मंत्री केले होते. मुंबईतही कालचे कैदी सचिवालयात बसले. प्रांत अवाढव्य होता: गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि मुंबई शहर. मंत्री मात्र सातच.

मंत्रिमंडळाच्या नेतेपदावर शहराचे लोकप्रिय पुढारी के. एफ. नरीमन यांचा दावा होता, पण निवड झाली रत्नागिरीत जन्मलेल्या सॉलिसिटर खेरांची. नरीमन यांनी वल्लभभाई पटेलांना दोष दिला, प्रकरण गांधीजींपर्यंत गेले, पण निकाल बदलला नाही. गृह आणि कायदा मुन्शींकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे, दोघेही गुजराती. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. ते बेळगावकडचे जैन, ब्राह्मणेतर चळवळीतले आणि कोल्हापूरचे माजी दिवाण. आरोग्य व अबकारी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर या पारशी गृहस्थांकडे. सार्वजनिक बांधकाम यासीन नुरींकडे आणि स्थानिक स्वराज्य ल. मा. पाटील यांच्याकडे. विभाग, धर्म, जात असे सगळे रकाने भरले.

दोन रकाने तेवढे रिकामे राहिले. सातांत ना दलित होता, ना स्त्री. हंसा मेहतांना संसदीय सचिवपदावर थांबावे लागले. डॉ. आंबेडकर समोरच्या बाकांवर होते. मंत्र्यांना दरमहा ५०० रुपये पगार ठरला तेव्हा नुसत्या त्यागावर कारभार चालत नाही, कार्यक्षमता आणि सचोटीही पाहावी लागते, असा मुद्दा त्यांनी मांडला. त्याच वर्षी सप्टेंबरात खोती या जमीनदारी पद्धतीविरुद्ध विधेयकही आणले.

या मंत्रिमंडळाची दोन रूपे एकाच तारखेला दिसतात. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुन्शींनी भारतीय विद्या भवन स्थापन केले. त्याच दिवशी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्टांच्या हाकेला ओ देऊन गिरणी कामगारांनी संप केला. संपात गोळीबार झाला आणि गृहमंत्री मुन्शीच होते.

कामाचा उरक मात्र वाखाणण्याजोगा होता. सविनय कायदेभंगात जप्त झालेल्या जमिनी कायदा करून शेतकऱ्यांना परत मिळवून दिल्या, कुळांना आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारे कायदे केले. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी आली. पारशी समाजातून तिला कडाडून विरोध झाला आणि ती राबवायची वेळ पारशी मंत्र्यावरच आली. पुढे हिंदुस्थानला न विचारता ब्रिटनने युद्धात ओढले, तेव्हा नोव्हेंबरात सर्वांनी राजीनामे दिले.

आज महाराष्ट्रात मंत्र्यांची कमाल मर्यादा ४३ आहे. दर विस्ताराच्या वेळी विभाग, जात आणि धर्माची तीच बेरीज मांडली जाते. खेरांच्या सातांकडे पाहिले की एवढे पटते: यादीत कोण आहे याइतकेच, समोरच्या बाकांवर कोण बसले आहे तेही वाचावे लागते.