नारिंगी टाइलचा चढ

घराचं काम अर्धवट राहिलं आणि काही महिन्यांनी त्याच कंपनीच्या, त्याच नंबरच्या टाइल आणल्या, तरी जुन्या-नव्यांची हद्द डोळ्यांना लगेच कळते. खोक्यावर शेड नंबर छापतात तो त्यासाठीच. हा फरक आकड्यांत पकडतात कसा, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्या शोधाची वाट गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल-भट्ट्यांवरून इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला गेली आणि तिथल्या एका नारिंगी टाइलपाशी थांबली.

मोजण्याचं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. टाइलवर पडलेल्या प्रकाशातला किती हिस्सा परत आला, हे ते प्रत्येक तरंगलांबीसाठी वेगवेगळं सांगतं. ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर १० नॅनोमीटरला एक, असे ३१ आकडे मिळतात. पण यंत्र खरं बोलतंय हे कशावरून? वाण्याच्या काट्याला शिक्क्याची वजनं लागतात, तशी या यंत्राला शिक्क्याच्या रंगाची वस्तू लागते. कागद पिवळा पडतो, कापड विटतं, रंगाचा थर मळतो. झिलई केलेली टाइल मात्र भट्टीतून निघालेली असते; पुसली की पुन्हा तशीच.

स्टोक हा कुंभारकामाचा जुना मुलूख. तिथली ब्रिटिश सिरॅमिक रिसर्च असोसिएशन १९४८ साली दोन संशोधन संस्था एकत्र येऊन झाली. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीबरोबर काम करून तिने १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रमाण टाइलचा संच काढला. १९८३ मध्ये सुधारित, दुसरी मालिका आली. संस्थेचं नाव पुढे बदलत गेलं, आता ते ल्युसिडिऑन आहे. टाइल मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत जुन्याच नावाने ओळखल्या जातात.

संचात १२ टाइल. राखाडी टाइलवरून यंत्राची उजेड-अंधाराची मोजपट्टी तपासतात. दोन हिरव्या टाइल इतक्या सारख्या की त्यांच्यातला बारीक फरक यंत्राला दिसतो का, हीच त्यांची परीक्षा. माझं मन अडकलं ते नारिंगीत.

तिच्या परावर्तनाचा आलेख निळ्या-हिरव्या प्रकाशात जमिनीलगत सरपटतो आणि पिवळ्याच्या आसपास सरळ कड्यासारखा उभा चढतो. या चढामुळेच ती मोलाची. यंत्राची तरंगलांबीची पट्टी जराशी सरकली असेल, तर राखाडी टाइलला पत्ताही लागत नाही, पण नारिंगीच्या चढावरचा आकडा एकदम बदलतो. यंत्राचं खोटं ती पहिल्यांदा पकडते.

हा चढ येतो कॅडमियमच्या रंगद्रव्यातून, आणि तिची खोडही तिथेच आहे. हे द्रव्य अर्धवाहक आहे. तापलं की त्याची प्रकाश शोषण्याची सीमा लांब तरंगलांबीकडे सरकते. टाइल किंचित लालसर होते, निवली की पूर्ववत. लाल आणि पिवळ्या टाइलमध्येही हे होतं. तापमान १० अंशांनी बदललं, तर नारिंगीत रंगभेदाच्या मापावर (दोन रंगांतलं अंतर एका संख्येत सांगणारं माप) एका एककाच्या आसपास फरक येतो, आणि उत्पादनातले बरेच वाद त्याहून लहान फरकावर रंगतात. म्हणजे जो चढ चूक पकडतो, तोच चढ खोलीतला उकाडाही पकडतो. याच स्टोकच्या परिसरात जोसाया वेजवुडने १७८२ मध्ये मातीचे तुकडे भट्टीत किती आकसतात यावरून उष्णता मोजण्याची युक्ती काढली होती, हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे ही खोड जास्त नडते. विदर्भातल्या मे महिन्यात, वीज जाऊन एसी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत नारिंगी टाइलचा आकडा चुकला, तर दोष यंत्राचा की हवेचा? टाइल हातात फार वेळ धरली, यंत्राच्या गरम दिव्यापाशी ठेवली, तरी तेच. उपाय साधा पण वेळखाऊ: टाइल आणि यंत्र खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं, आणि वाचनाशेजारी तापमान लिहायचं. हे दुसरं काम राहून गेलं, तर मागाहून कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

चकाकीचा प्रश्न वेगळाच. झिलई म्हणजे काचच, तिच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश आरशासारखा परततो. तो धरायचा की वगळायचा? यंत्रात आतून पांढरा पोकळ गोल असतो. त्यातलं एक झाकण उघडलं की चकाकी बाहेर निघून जाते, मिटलं की मोजणीत येते. गडद निळ्या टाइलवर एकूण परावर्तनच थोडं, तिथे हे ४ टक्के म्हणजे फार मोठी रक्कम. विकणाऱ्याने झाकण मिटून मोजलं आणि घेणाऱ्याने उघडून, तर एकाच टाइलचे दोन रंग निघतात आणि दोघेही खरे असतात.

शिवाय झिलई थोडी पारभासी. काही प्रकाश आत शिरून आडवा पसरतो आणि यंत्र ज्या भोकातून टाइल पाहतं त्याच्या कडेबाहेर निघतो. तो यंत्राला दिसतच नाही. भोक लहान तितकं हे नुकसान जास्त. म्हणून लहान भोकाचं हातातलं यंत्र आणि मोठ्या भोकाचं टेबलावरचं यंत्र यांचे आकडे समोरासमोर ठेवून माल नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. खरेदीच्या करारात रंगभेदाची मर्यादा लिहितात, तशी भोकाचा व्यास, झाकणाची स्थिती आणि टाइलचं तापमान हीही लिहायला हवीत.