जुन्या मालमोटारीचा इंधन-पंप : निगा व दुरुस्ती

भात हे कर्जत व खालापूर तालुक्यांचे मुख्य पीक होय. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याच्या कालव्याने मिळत असल्याने कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भातही होते. हा माल घेऊन खोपोलीपुढे बोरघाट चढताना जुनी डिझेल मालमोटार दम टाकू लागली, की "पंप गेला" असे ठरवून तो तेथेच खोलला जातो. यात पुष्कळदा चांगला पंप मात्र बिघडतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा पडून ते पेटते. ठराविक क्षणी, मोजके इंधन, मोठ्या दाबाने पुरविणे हे पंपाचे काम. त्यातील दट्ट्या व नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढीच असते. म्हणून धुळीचा कणही त्यांस ओरखडा पाडतो. ही जोडी एकमेकांसाठीच घासलेली असते; एकीचा दट्ट्या दुसरीत कदापि घालू नये.

प्रथम पुढील तपासणी क्रमाने करावी :

१. टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा, गाळणी बदलावी.

२. नळीच्या सांध्यांतून हवा शिरते काय ते पाहावे. गाळणीवरील व नंतर पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा.

३. काळा धूर येत असल्यास आधी हवेची गाळणी साफ करावी.

४. इंजिन मंद चालवून फवारणीच्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करावेत. ज्या नटाने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, त्या सिलिंडरात दोष समजावा.

फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम बारीक दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

पंपातील वंगणाची पातळी आपोआप वाढत असेल, तर झिजलेल्या दट्ट्यांवाटे डिझेल झिरपत असण्याचा संभव असतो. अशा वेळी जुळणीच्या खुणा टिपून पंप उतरवावा, तोंडे स्वच्छ टोप्यांनी बंद करावीत आणि चाचणी-यंत्र असलेल्या कारखान्यात द्यावा. प्रत्येक सिलिंडरास समान इंधन मिळते की नाही, हे तेथेच मोजता येते. मोहोर तोडून इंधन वाढविल्यास धूर व खर्च वाढतो, इंजिनही तापते.

कोकणच्या दमट हवेत अर्ध्या टाकीत पाणी साचते. म्हणून सायंकाळी टाकी भरून ठेवावी. पंपाची तपासणी कापणीपूर्वीच उरकावी. ग्रामसेवकांनी ही गोष्ट मोटारमालकांच्या वेळीच नजरेस आणावी, म्हणजे घाटात माल अडकून शेतकऱ्यांचा भाव बुडणार नाही.