रात्रभर वाजणारे ट्रान्स आणि चहाच्या चटया

दिवाळी सरली की आमच्या वस्तीतली मंडप-साऊंडच्या कामावरची दोन-चार पोरे गोव्याची वाट धरतात. यंदा त्यात शेजारच्या ताईंचा धाकटाही होता. जायच्या आठ दिवस आधी ताई घरी आल्या, जयभीम झाला आणि बसता बसताच म्हणाल्या, "भाऊ, पोरगं गोव्याला निघालंय. साऊंडचं काम आहे, दोन महिन्यांचं. कसलं तरी ट्रान्स म्हणतात ते वाजतं म्हणे रात्रभर. नशापाणी असतं म्हणे. तुम्ही चार अक्षरं वाचता, तुम्हीच सांगा. जाऊ देऊ का नको?"

पोराने मोबाईलमध्ये भरून दिलेले एक गाणे त्यांनी मला ऐकवले. गाणे म्हणावे तर त्यात शब्द नाहीत, मुखडा नाही, अंतरा नाही. एकसारखा ठोका, त्याखाली धावणारा खर्जाचा सूर आणि वर काहीतरी वळवळत जाणारा चिरका आवाज. आठ मिनिटे झाली तरी थांबेना. मला काही उमजेना, पण ताईंनी मान हलवली. "लहानपणी बाबांचा डबा घेऊन गिरणीच्या दारात जायचे ना, तेव्हा आतून असंच ऐकू यायचं. साचे चालू असले की असंच."

ताई बोलल्या ते सहज, पण नेमके बोलल्या. या संगीताचे एक मूळ खरोखरच कारखान्यांच्या गावात आहे. अमेरिकेतील डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर यांचे कारखाने तिथले. दक्षिणेकडच्या शेतांवर राबणारे काळे लोक पोटासाठी या कारखान्यांत आले, आणि पुढे कारखाने ओस पडू लागले तेव्हा पहिली झळही त्यांनाच लागली. त्या शहराजवळच्या बेलव्हिल गावात एकत्र शिकलेल्या तीन काळ्या तरुणांनी, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी, १९८० नंतरच्या वर्षांत यंत्रांवर जे नाचाचे संगीत घडवले त्याला जग टेक्नो म्हणू लागले.

शिकागो शहरात त्याच सुमारास 'हाऊस' नावाचा दुसरा प्रकार जन्मला. 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा काळा कलावंत रात्रभर तबकड्या वाजवी. क्लबाच्या नावावरूनच संगीताला नाव पडले. तिथे येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन वंशाचे, त्यांत समलिंगी तरुण पुष्कळ. दुसरीकडे ज्यांना दारातूनच परत पाठवले जाई, ते इथे नाचत. त्याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर डिस्कोच्या तबकड्यांची पेटी सुरुंग लावून उडवली होती. तो राग केवळ सुरावटीवर होता असे मला वाटत नाही.

आता एका यंत्राची गोष्ट सांगतो, म्हणजे शिकागोहून गोव्याला कसे यायचे ते कळेल. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१-८२ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची एक चंदेरी पेटी काढली. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेस गिटारवाल्याची साथ मिळावी, हा हेतू. पण तिचा आवाज काही केल्या खऱ्या बेस गिटारसारखा वाटेना. दहा हजारांच्या आसपास पेट्या निघाल्या आणि १९८४ साली कंपनीने उत्पादनच बंद केले. उरलेल्या पेट्या जुन्या बाजारात मातीमोल भावाने गेल्या. शिकागोच्या 'फ्यूचर' या काळ्या मुलांच्या गटाच्या हाती अशीच एक लागली. त्यांनी ती वाजवण्याऐवजी तिची बटणे पिळली. सूर वाजत असतानाच बटण फिरवले की तो कण्हतो, किंचाळतो, पाण्यात बुडाल्यासारखा होतो. १९८७ साली त्यांची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली. ताईंच्या मोबाईलमधला तो वळवळणारा आवाज या टाकून दिलेल्या पेटीच्याच वंशातला.

आणि गंमत पाहा, ही पेटी मुंबईत त्याच्या पाच वर्षे आधीच वाजून गेली होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली हीच पेटी, रोलँडचेच एक तालयंत्र आणि एक सिंथेसायझर घेऊन 'टेन रागाज् टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग, मागे यंत्राचा अखंड ठोका. त्या वेळी कुणी फारसे ढुंकून पाहिले नाही. शिकागोच्या पोरांनी ती ऐकली होती असेही नाही. २०१० साली नेदरलँड्समधील एका कंपनीने ती पुन्हा काढली तेव्हा जगाने डोळे चोळले. सत्तरी ओलांडल्यावर या वादकाला युरोपात बोलावणी आली. २०१५ साली त्यांचे मुंबईत निधन झाले. वाद्यवृंदात आयुष्यभर मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला इतक्या उशिरा का होईना, स्वतःच्या नावाच्या टाळ्या मिळाल्या.

गोव्यात मात्र हे संगीत आले ते परदेशी पाहुण्यांच्या पिशवीतून. १९७० च्या आगेमागे युरोप-अमेरिकेतील हिप्पी उत्तर गोव्यातील हणजूणच्या, म्हणजे अंजुनाच्या, किनाऱ्यावर येऊन राहू लागले. सॅन फ्रान्सिस्कोकडून आलेला गिल्बर्ट लेव्ही त्यांतलाच. पुढे जटा वाढवून तो साधू झाला आणि जगभर 'गोवा गिल' म्हणून ओळखला गेला. २०२३ साली तो वारला. आधी त्यांच्या नाचाला गिटार-ड्रमचा ताफा असे. १९८३-८४ च्या सुमारास काही फ्रेंच तरुणांनी कॅसेटवर यंत्रसंगीत वाजवायला सुरुवात केली. युरोपातून आणलेल्या गाण्यांतले शब्द कापून टाकायचे, नुसता वाद्यांचा भाग पुन्हा पुन्हा जोडायचा आणि रात्रभर लावायचा. गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकत, वाळू-धूळ त्यांत शिरे, म्हणून भिस्त कॅसेटवर आणि पुढे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर. टेपा हातोहात फिरत, विकत घ्यायला दुकान नव्हते. आपली भीमगीतेही त्याच काळात अशीच कॅसेटवरून घराघरांत गेली, हे आठवल्यावर मला या प्रकाराबद्दल थोडा जिव्हाळा वाटला, हे कबूल करतो.

या मातीत जे रुजले त्याला 'गोवा ट्रान्स' नाव मिळाले, पण त्याच्या टेपा घडल्या त्या बहुतेक लंडन, इस्रायल, जर्मनीतल्या खोल्यांत. लंडनचा सायमन पॉसफर्ड त्यांतला सर्वांत नावाजलेला कारागीर. जन्म १९७१ चा. स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण करता करता हा शिकला. 'हॅल्युसिनोजेन' या टोपणनावाने त्याने १९९५ साली 'ट्विस्टेड' हा संग्रह काढला आणि या संगीताचे व्याकरणच पक्के झाले. पुढे राजाराम असे नाव घेतलेल्या एका ऑस्ट्रेलियन बासरीवाल्याबरोबर त्याने 'श्पाँगल' ही जोडी जमवली. ती जरा संथ, बासरीची, घरी बसून ऐकण्याजोगी. मला विचाराल तर मला तीच जास्त आवडली.

हे घडते कसे, ते धाकट्याने मला कागदावर काढून दाखवले. मिनिटाला साधारण १४५ ठोके. दोन ठोक्यांमधल्या जागेचे चार भाग. पहिल्या भागावर ढोल, उरलेल्या तिन्हींवर खर्जाचा सूर. आठ मिनिटांच्या तुकड्यात ढोल जवळजवळ ११६० वेळा पडतो. तेवढ्याने माणूस कंटाळेल, म्हणून वरचे आवाज दर आठ-सोळा मात्रांनी हळूच बदलत न्यायचे. एक शिरतो, दुसरा निघतो, बटण किंचित वळते. मध्येच ढोल काढून घ्यायचा, सगळ्यांना अधांतरी ठेवायचे आणि मग एकदम परत आणायचा. एका तुकड्यासाठी कारागीर कित्येक दिवस एकटा खोलीत बसतो. "काका, भजनात टाळ वाढत जातो ना, तसंच आहे," पोरगा म्हणाला. त्याला त्यातले खरेच कळत होते. ताईंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता.

पण माझे मन अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. हणजूण-वागातोरच्या त्या जुन्या रात्रींचे वर्णन करणारे बहुतेकजण चटयांबद्दल सांगतात. नाचाच्या जागेच्या कडेला गावातल्या बाया चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून, स्टोव्हवर चहा उकळत बसत. चहा, ऑम्लेट, केळी. संध्याकाळी यायच्या, उन्हे वर आल्यावर उठायच्या. पाहुणे नाचून दमले की चटईवर आडवे होत. हंगामाच्या चार महिन्यांच्या कमाईवर त्यांची घरे चालत. जगभर गेलेल्या त्या नावात 'गोवा' आहे, पण त्या गोव्याचा माणूस बहुधा चटईवर, ढोलापासून वीस पावलांवर.

अरुण सालढाणा या अभ्यासकाने हणजूणला राहून या नाचावर संशोधन केले आणि २००७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण असे, की मध्यरात्री मैदानात देशी पर्यटक, स्थानिक पोरे, परदेशी सगळे असत. पहाट झाली, खरे रंगलेले संगीत सुरू झाले, की मैदान हळूहळू गोऱ्यांचे होई. कुणी कुणाला 'जा' म्हणत नसे. नजरेने, अंतराने, कोण 'आपल्यातला' दिसतो त्यावरून ते घडे. पाटी न लावता माणसाला बाहेर कसे ठेवतात, हे आपल्या वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही. शिकागोत ज्यांना दार बंद होते त्यांनी घडवलेला ठोका हणजूणला पोहोचेपर्यंत त्याच्याभोवती नवे दार तयार झाले होते.

या नाचाच्या पडद्यांवर आणि पत्रकांवर शंकर, गणपती, ॐ आणि पुष्कळदा भगवान बुद्धही चकाकत्या रंगात रंगवलेले असतात. ज्यांनी पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे सांगितले, त्यांचीच प्रतिमा तिथे! लावणाऱ्याला बहुधा शिलांची माहितीही नसते. तरी वाईट वाटायचे ते वाटतेच.

नशेचे मी ताईंपासून लपवले नाही. या संगीताच्या नावातच ते आहे. एलएसडी, एक्स्टसी, चरस या नाचाबरोबर पहिल्यापासून आले. एक्स्टसी घेऊन गर्दीत तासन्‌तास नाचले तर अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका चढू शकतो. जे संगीत घडवायला एवढे एकाग्र डोके लागते ते ऐकायला मात्र डोके गमवावे लागते, ही समजूत मला तरी पटलेली नाही. धाकट्याने ते कोरड्या डोक्यानेच समजून घेतले होते.

आणि कायदा मोठ्या-लहानाला वजनाने ओळखतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडी अवघे ०.१ ग्रॅम, एक्स्टसी १० ग्रॅम किंवा चरस १ किलो सापडले तर ते व्यापारी प्रमाण धरतात. शिक्षा १० ते २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान १ लाख रुपये दंड. माल ज्याच्याजवळ सापडला त्याला तो ठाऊक होता, असेच न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. म्हणून धाकट्याला एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. कुणीही, मालक असो वा पाहुणा, "जरा पिशवी धर" म्हणाला तर धरायची नाही.

दुसरी गोष्ट कानांची. नाचणारा एक रात्र नाचतो, साऊंडवाला दोन महिने स्पीकरपाशी उभा राहतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेची शिफारस अशी, की १०० डेसिबलच्या आवाजात दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. मोठ्या स्पीकरपुढे एवढा आवाज सहज असतो. गेलेले ऐकू येणे परत येत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर उभ्या राहणाऱ्या आपल्या पोरांनीही ते का घालू नयेत?

आवाजाचा कायदाही दोन्हीकडे तोच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक बजावले. किनाऱ्यावरची उघडी रात्र त्यामुळे आखडली. नाच चार भिंतींच्या क्लबांत, तिकिटांच्या महोत्सवांत गेला. इंग्लंडात तर १९९२ साली कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो तरुण आठवडाभर नाचले, त्यानंतर १९९४ च्या कायद्यात एकसारख्या ठोक्याच्या संगीताची व्याख्याच करून उघड्यावरच्या अशा जमावांना बंदी घातली गेली. गावकऱ्यांना झोप हवी, हे बरोबरच आहे. आजारी माणूस, शाळेचे पोर, पहाटे बोटीवर जाणारा मासेमार यांनी रात्रभर ढोल का सोसावा? पण भिंती आल्या, तशा चटया उठत गेल्या.

ताईंना मी शेवटी म्हटले, जाऊ द्या, पण रोज किती, राहायचे कुठे, जाण्या-येण्याचे भाडे कोण देणार, हे ठेकेदाराकडून कागदावर घ्या. तो आधी हसला, मग दिले त्याने लिहून. धाकटा गेल्या सोमवारी रात्रीच्या गाडीने गेला. बोळ्यांची डबी ताईंनी स्वतः त्याच्या खिशात घातली.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. जेवलास का, झोपलास का, हे झाल्यावर ताईंनी विचारले, "अरे, तिथं त्या चहावाल्या बाया आहेत का रे अजून?"

"आत नाही गं आई. आत मशीनचा चहा. बाहेर गेटपाशी एक आजी बसते, थर्मास घेऊन. आम्ही सगळे कामवाले तिच्याकडंच पितो."

"बरं," ताई म्हणाल्या. "पैसे रोजच्या रोज देत जा तिचे."