चंद्राची वाट बांधणारा भूशास्त्रज्ञ

माणूस चंद्रावर गेला ही हकीकत सांगताना आपण तिथे पहिल्याने कोण उतरला त्याचे नाव घेतो. नील आर्मस्ट्राँग हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु तिथे पायाखालची जमीन माणसाचा भार सोसेल की नाही, कोणता दगड उचलावा आणि तोच का उचलावा, याचा विचार ज्यांनी आधी वर्षानुवर्षे केला, त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोनशिलेवर कोणाचे नाव असते आणि पायात कोणाचा घाम मुरलेला असतो, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच युजीन शूमेकर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाचे काम आपल्यापुढे मांडावे, असे आम्ही योजिले. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. दिवसाचे काम आटोपल्यावर वाचनालयात बसून जे समजले, ते समजले तसे सांगतो.

शूमेकर यांचा जन्म १९२८ सालचा. वयाच्या विसाव्या वर्षी, १९४८ साली, ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात लागले आणि कोलोराडोच्या पठारावर युरेनियमच्या शोधात हिंडू लागले. त्याच सुमारास अग्निबाणांच्या प्रयोगांविषयी त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी मनाशी ठरवले: माणूस एक दिवस चंद्रावर जाणार, तिथे दगड ओळखणारा माणूस लागणार, तो आपण व्हायचे. त्या काळी ही गोष्ट उघड बोलून दाखवली असती तर लोकांनी वेड्यात काढले असते. म्हणून ते बोलले नाहीत, तयारीला लागले.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न काय होता, तो समजावून घेऊ. दुर्बिणीतून पाहिले तर चंद्राचा चेहरा देवीच्या व्रणांसारखा खड्ड्यांनी भरलेला दिसतो. ही विवरे कशाची? एक पक्ष म्हणे, हे विझलेले ज्वालामुखी. दुसरा म्हणे, आकाशातून पडलेल्या पाषाणांचे हे घाव. पहिल्या पक्षाचे पारडे बराच काळ जड होते. चंद्रावर जाऊन पाहणे शक्य नव्हते. तेव्हा निकाल लावायचा तर पृथ्वीवरच लावायला हवा होता.

अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात सुमारे १२०० मीटर रुंद आणि १७० मीटर खोल असा एक प्रचंड खड्डा आहे. आजूबाजूला लोखंडाचे तुकडे विखुरलेले सापडत. गिल्बर्ट या थोर भूशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये तो पाहिला आणि जमिनीखालच्या वाफेचा हा स्फोट, असा निर्वाळा दिला. गंमत अशी की, चंद्रावरची विवरे मात्र आघाताचीच, असे याच गिल्बर्टने पुढे प्रतिपादन केले! बॅरिंजर नावाच्या खाणमालकाला ते पटले नाही. मोठी लोखंडी उल्का खाली गाडली गेली आहे, ती उकरून काढू, अशा आशेने त्याने १९०३ पासून जवळजवळ पाव शतक तिथे खोदकाम करवले. पैसा गेला, मजुरांचे श्रम गेले, आणि तो मोठा गोळा काही हाती लागला नाही.

शूमेकर यांनी काय केले? नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांनी पडलेले खड्डे त्यांनी पाहिले होते. त्या खड्ड्यांच्या काठावर जमिनीचे थर उलटे झालेले असत. उशीची खोळ उलटी करावी तसा खालचा थर वर आणि वरचा थर खाली. ॲरिझोनाच्या काठावरचे थर त्यांनी पायी हिंडून, हातोड्याने फोडून तपासले, तर तिथेही तोच उलटा क्रम! सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेगाने लोखंडाचा गोळा आदळला की त्या आघाताचाच स्फोट होतो. गोळ्याचा बहुतेक भाग वितळतो, त्याची वाफ होते, उरलेला चहूकडे उडतो. तळाशी शिल्लक काय राहणार? बॅरिंजरची आघाताची कल्पना बरोबर होती. पण ज्या लोखंडासाठी खोदणे चालले होते, ते मुळी तिथे नव्हतेच.

यावर शिक्कामोर्तब १९६० साली झाले. साध्या गारगोटीवर भयंकर दाब पडला म्हणजे तिचे कोएसाइट नावाच्या वेगळ्याच खनिजात रूपांतर होते. ते प्रयोगशाळेत १९५३ मध्ये तयार झाले होते. निसर्गात कोणी पाहिले नव्हते. चाओ, शूमेकर आणि मॅडसेन यांना ते ॲरिझोनाच्या खड्ड्यात सापडले. ज्वालामुखीला असा दाब निर्माण करता येत नाही. पुढे लवकरच शूमेकर जर्मनीत गेले. तिथल्या नोर्डलिंगेन गावाभोवतीचे सुमारे २४ किलोमीटर रुंदीचे खोरे ज्वालामुखीचे समजले जाई. त्या गावचे जुने चर्च ज्या दगडाने बांधले आहे, त्यातही कोएसाइट निघाले. शतकानुशतके लोक ज्या भिंतीशेजारून जात होते, तिच्यातच पुरावा चिणलेला होता!

आपल्याकडेही असे एक स्थळ आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर सुमारे १८०० मीटर रुंदीच्या विवरात आहे. भोवतालचा सगळा काळा कातळ लाव्हारसाचाच, त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचे असावे, असा तर्क दीर्घकाळ चालला. १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी इथल्या दगडांत आघाताच्या खुणा दाखवून दिल्या. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात ते याच जातीच्या काळ्या कातळाचे आहेत. म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारला फार मोल देतात.

खड्डे आघाताचे हे कळल्यावर शूमेकर यांनी त्यांचाच उपयोग चंद्राचे वय वाचण्यासाठी केला. ही युक्ती आम्हा चळवळीतल्या लोकांना चटकन समजते. गिरणीच्या भिंतीवर सभेची भित्तिपत्रके एकावर एक चिकटवलेली असतात. त्यांवर तारीख नसली तरी वरचे पत्रक मागाहून लागले, हे कोणीही सांगेल. तसेच चंद्राचे. एका विवरातून उडालेला राडारोडा दुसऱ्यावर पसरलेला दिसला, तर पहिले विवर नंतरचे. कोपर्निकस विवरातून निघालेले पांढरे पट्टे साऱ्यांच्या वर पसरले आहेत. अर्थात ते अलीकडच्या काळातले. अशा रीतीने त्यांनी हॅकमन या सहकाऱ्यासह चंद्राच्या इतिहासाचे कालखंड पाडले आणि नकाशे काढण्याची पद्धत घालून दिली. १९६१ मध्ये सर्वेक्षण खात्यात या कामाची स्वतंत्र शाखाच त्यांनी उभी केली. पुढे तिचे ठाणे ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ गावी झाले.

आणि नेमक्या याच वेळी दैव आडवे आले. १९६३ साली शूमेकर यांना मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा ॲडिसन नावाचा विकार असल्याचे निष्पन्न झाले. पंधरा वर्षे उराशी बाळगलेले चंद्रावर जाण्याचे स्वप्न एका वैद्यकीय निदानाने संपले. त्यांचे वय तेव्हा अवघे पस्तीस.

माणसाची पारख अशाच वेळी होते. दार आपल्यापुरते बंद झाले म्हणून शूमेकर यांनी काम सोडले नाही. त्या वर्षीच्या जानेवारीतच त्यांनी अंतराळवीरांना ॲरिझोनाच्या विवरावर आणून दगड वाचायला शिकवण्यास सुरुवात केली होती. ते शिक्षण पुढेही चालू राहिले. १९६७ साली तर फ्लॅगस्टाफजवळच्या ज्वालामुखीच्या राखेत सुरुंग लावून, चंद्राच्या एका खऱ्या भागाबरहुकूम खड्ड्यांचे मैदानच तयार करण्यात आले. विमान चालवणारी ही माणसे तिथे हातोडा चालवण्याचा सराव करीत.

दरम्यान, चंद्रावर खोल धूळ साचली आहे, तीत यान रुतून बसेल, अशी भीती काही विद्वान घालत होते. १९६६ पासून सर्व्हेयर याने चंद्रावर अलगद उतरली. त्यांच्या कॅमेऱ्यांच्या कामाचे प्रमुख शूमेकरच होते. जमीन टणक आहे, वर फुटक्या दगडांचा आणि भुकटीचा थर आहे, भार सोसेल, हे त्या चित्रांनी स्पष्ट केले. त्यानंतरच, १९६९ साली, आर्मस्ट्राँग यांचे पाऊल तिथे पडले.

पण शूमेकर समाधानी नव्हते. झेंडा रोवण्याला मान आणि दगड अभ्यासण्याला दुय्यम जागा, हे त्यांना रुचले नाही. त्यांनी उघड टीका केली आणि अपोलोच्या कामातून अंग काढून घेतले. सहा वेळा मिळून बारा माणसे चंद्रावर चालली, त्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली. त्या बारांत भूशास्त्रज्ञ एकच, हॅरिसन श्मिट, आणि तोही अखेरच्या, डिसेंबर १९७२ च्या सफरीत. तो फ्लॅगस्टाफला शूमेकर यांच्याच शाखेत काम केलेला. त्याच्या नजरेला नारिंगी माती पडली. ती साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या लाव्ह्याच्या फवाऱ्यातले बारीक काचमणी निघाले. ज्याला काम कळते तो कामाच्या जागी हवा, हे आम्ही कारखान्यात सांगत आलो; तेच चंद्रावरही खरे ठरले.

पुढल्या काळात शूमेकर आणि त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांनी पालोमारच्या वेधशाळेतून लघुग्रह व धूमकेतू शोधले. १९९३ साली डेव्हिड लेव्ही यांच्यासह त्यांना सापडलेला धूमकेतू जुलै १९९४ मध्ये गुरू ग्रहावर तुकड्या-तुकड्यांनी आदळला, आणि आघाताची गोष्ट साऱ्या जगाने प्रत्यक्ष पाहिली. १९९४ सालीच चंद्राभोवती फिरलेल्या क्लेमेंटाइन यानाच्या शास्त्रज्ञ-मंडळाचे ते प्रमुख होते. त्या यानाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या अंधाऱ्या विवरांत बर्फ असावे, असा संकेत दिला. आपले चांद्रयान-३ याच दक्षिण ध्रुवाच्या बाजूला २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले, हे आपल्या स्मरणात आहेच.

१८ जुलै १९९७ रोजी ऑस्ट्रेलियात विवरांचा शोध घेत फिरत असताना मोटार अपघातात शूमेकर यांचे निधन झाले. पुढील जानेवारीत निघालेल्या लूनर प्रॉस्पेक्टर यानातून त्यांच्या रक्षेचा अंश पाठवण्यात आला. ३१ जुलै १९९९ रोजी ते यान दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवण्यात आले. तिथल्या विवराला आज शूमेकर हे नाव आहे.

रक्षा चंद्रावर पोचली, ही या आयुष्याची भरपाई झाली असे आम्ही म्हणणार नाही. हयातीत त्यांना जायचे होते आणि जाता आले नाही, हे खरेच. परंतु जे बारा जण गेले ते त्यांनी आखलेल्या वाटेवरून गेले, आणि ती वाट कुठे आकाशात नव्हे, पृथ्वीवरच्या एका खड्ड्याच्या काठावर, हातोड्याच्या घावांनी आखली गेली. श्रोत्यांपैकी कोणी लोणारला गेले तर देवळे आणि सरोवर पाहून लगेच माघारी फिरू नये. काठावरचा एखादा काळा दगड हातात घेऊन नीट निरखावा, आणि जिथे होता तिथेच ठेवून द्यावा.